पंख्याला दहा टक्के, एसीला पंधरा टक्के

भाऊबीजेच्या सकाळी दादरहून एका दुकानदार काकांचा फोन आला. रानडे रोडच्या बाजूला कपड्यांचं दुकान, बाप-लेकांची भागीदारी फर्म, हिशोब गेली अनेक वर्षं माझ्याकडे. शुभेच्छा वगैरे झाल्यावर म्हणाले, "अरे, काल पाडव्याला दुकानात नवीन एसी बसवला. पन्नास हजार गेले. टॅक्समधून किती सुटतील सांग."

म्हटलं, "काका, या वर्षी साधारण अकराशे-बाराशे रुपये."

"अकराशे? अरे, पन्नास हजार घातलेत!"

"दसऱ्याला बसवला असतात तर दुप्पट सुटले असते."

जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "म्हणजे मुहूर्तसुद्धा आता इन्कम टॅक्सवाल्यांना विचारून काढायचा?"

हसण्यावारी गेलं, पण ऑक्टोबरचा उकाडा असा आहे की विषय डोक्यातून जाईना. गिरगाव, दादर, परळ, लालबाग, कुठेही बघा, या दिवाळीत दुकानात, क्लासमध्ये, दवाखान्यात, छोट्या ऑफिसात एसी लागलेत. २२ सप्टेंबरपासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे गिऱ्हाईक वाढलंच. आणि प्रत्येकाला वाटतं की "बिझनेसच्या नावावर घेतला, टॅक्समध्ये निघेल." किती निघतो, कोणाचा निघतो आणि त्यातून आपल्या शहराचं काय होतं, हे एकदा नीट मांडायचं ठरवलं. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

आधी साधी गोष्ट. धंद्यासाठी घेतलेली वस्तू वर्षभरात संपत नसेल तर तिची सगळी किंमत त्याच वर्षी खर्चाला टाकता येत नाही. ती दरवर्षी थोडी थोडी झिजते असं धरून तेवढीच खर्चात घ्यायची. यालाच घसारा म्हणतात. एसी 'यंत्रसामग्री'त मोडतो, त्याचा दर १५ टक्के. तोही मूळ किमतीवर नाही, दरवर्षी उरलेल्या किमतीवर. ५०,००० च्या एसीवर पहिल्या वर्षी ७,५००, दुसऱ्या वर्षी ६,३७५, असं उतरत जातं. पाच वर्षांनीही वहीत तो २२,००० च्या वर शिल्लक असतो, दहा वर्षांनी ९,८०० च्या आसपास.

आता मुहूर्ताचं. वस्तू त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली गेली तर पहिल्या वर्षी निम्माच घसारा. ३१ मार्चपासून मागे मोजा, या वर्षी ३ ऑक्टोबर ही शेवटची तारीख येते. दसरा २ ऑक्टोबरला होता. दसऱ्याला एसी बसवून चालू केला असेल तर १५ टक्के, पाडव्याला केला असेल तर साडेसात. काकांचे ३,७५० रुपये खर्चात गेले, फर्मचा दर ३० टक्के आणि वर सेस, म्हणजे टॅक्स वाचला ११७०. दसऱ्याला २३४० वाचला असता. उरलेला फायदा बुडत नाही, पुढच्या वर्षांत हप्त्याहप्त्याने मिळतो. पण 'टॅक्समधून एसी फुकट' हा जो समज आहे तो डोक्यातून काढा.

एवढं सांगून झाल्यावर काकांनी सहज विचारलं, "आणि चार पंखे पण बदललेत, त्यांचं?"

इथे खरी गंमत आहे. पंख्याला १० टक्के.

आयकर नियमांच्या परिशिष्टात फर्निचर आणि 'इलेक्ट्रिकल फिटिंग्ज'चा एक गट आहे, त्याचा दर १० टक्के. खाली टीप आहे की फिटिंग्ज म्हणजे वायरिंग, स्विच, सॉकेट आणि पंखे वगैरे. म्हणजे कायद्याच्या नजरेत छताचा पंखा हा टेबल-खुर्चीचा भाऊ आणि एसी हे यंत्र. साधा पंखा ७५ वॅट खातो, नवीन बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. दीड टनाचा एसी दीड किलोवॅटच्या घरात जातो. जो वीस-पंचवीसपट वीज खातो त्याला खर्चात लवकर घेता येतं, जो वाचवतो त्याला उशिरा. जीएसटीत निदान पंखा १८ आणि एसी २८ असा फरक होता. आता तोही राहिला नाही.

लगेच कोणी म्हणेल, घसारा हे बक्षीस नाही, झीज आहे. यंत्र लवकर झिजतं म्हणून दर जास्त, यात चुकलं काय? मुद्दा बरोबर आहे. पण मग त्याच परिशिष्टात पुढे बघा. सोलर पॅनलला ४० टक्के. सोलरवर चालणाऱ्या एसी यंत्रणेलाही ४० टक्के. वाया जाणाऱ्या उष्णतेवर चालू शकणाऱ्या व्हेपर अॅब्सॉर्प्शन कूलिंगला ४० टक्के. २०१७ पर्यंत यातल्या बऱ्याच गोष्टींना ८० टक्के होता. सोलर पॅनल काही अडीच वर्षांत झिजत नाही, वीस-पंचवीस वर्षं चालतो. म्हणजे वीज वाचवणाऱ्याला लवकर घसारा द्यायचा, हे तत्त्व सरकारने कधीच मान्य केलंय. फक्त ते तुमच्या-आमच्या एसी-पंख्यापर्यंत पोचलेलं नाही. गिरगावातल्या दुकानदाराला सोलर एसीचे ४० टक्के दाखवून काय उपयोग? छप्पर त्याचं आहे कुठे? वर तीन मजले भाडेकरू आहेत.

आता माझा मुख्य मुद्दा.

विजेचं बिल हा धंद्याचा चालू खर्च आहे. बेस्टचं बिल आलं, भरलं, त्याच वर्षी शंभर टक्के खर्चात. चांगला एसी घेण्यासाठी जास्तीचे पैसे घातले तर ते मात्र १५-१५ टक्क्यांच्या उतरत्या हप्त्यांत.

उदाहरण घेऊ. आकडे सोयीसाठी धरलेत, तुमच्या दुकानाचे तुम्ही घाला. थ्री स्टारपेक्षा फाइव्ह स्टार एसी समजा १०,००० रुपयांनी महाग आहे आणि वर्षाला ४०० युनिट वाचवतो. (लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, पण ते १६०० तासांच्या वापरासाठी. दहा तास चालणारं दुकान वर्षाला ३००० तास सहज गाठतं, म्हणून फरकही जवळपास दुप्पट धरा.) युनिटला १२ रुपये धरले तर ४,८०० वाचले. आता वही बघा. थ्री स्टार घेऊन ४,८०० रुपयांची वीज जास्त जाळली तर ते ४,८०० पूर्ण खर्चात. वीज वाचवायला १०,००० जास्त घातले तर पहिल्या वर्षी खर्चात फक्त १,५००, आणि पाडव्याला बसवला असेल तर ७५०.

जळलेली वीज ताबडतोब वजा, वाचवलेली वीज हप्त्याने. कोणी मुद्दाम कट करून केलेलं नाही हे. हिशोबशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही बरोबर आहे. पण परिणाम असा की कायदा नकळत 'स्वस्त घ्या, महाग चालवा' असं शिकवतो.

प्रामाणिकपणे हेही सांगतो की फाइव्ह स्टारचे जास्तीचे पैसे वरच्या हिशोबाने दोन-सव्वादोन वर्षांत सुटतात, टॅक्सचा विचार न करताही. तरी लोक घेत नाहीत, कारण दिवाळीत बोनस, माल आणि भाडं देऊन हातात रोकड कमी असते. घसाऱ्याचा दर हे एकमेव कारण नाही. पण जिथे मन आधीच कचरतं तिथे टॅक्सने पुढे ढकलायला हवं, तो मागे खेचतो.

एका स्प्लिट एसीत ही रक्कम छोटी वाटते. लोअर परळला जाऊन बघा मग.

जिथे गिरण्या होत्या तिथलं बोलतोय. आमच्या वडिलांच्या पिढीला साचेखात्यातला उकाडा ठाऊक होता. सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवावी लागायची, आणि त्या दमट उष्णतेत माणूस आठ तास उभा. १९८२ च्या जानेवारीत संप झाला, पुढचं सगळ्यांना माहीत आहे. फिनिक्सचा मॉल झाला, कमला मिलमध्ये ऑफिसं आली, भोंग्यांच्या जागी काचेचे टॉवर आले. मुंबईच्या उन्हात पश्चिमेकडे तोंड केलेली काच, आणि ती थंड ठेवायला गच्चीवर चिलर आणि कूलिंग टॉवर. तिथे एसी पन्नास हजारांचा नसतो, कोटींचा असतो. तिथे फर्म नाही, कंपनी असते. ऑडिट असतं, पूर्ण वही असते, आणि घसाऱ्याचा प्रत्येक रुपया मोजून घेतला जातो. घ्यावाच, कायदेशीर हक्क आहे तो.

या सेंट्रल एसीचे पाइप, डक्ट भिंतीत-छतात गाडलेले असतात. मग ते इमारतीचा भाग की यंत्र? हा वाद जुना आहे. इमारतीचा दर १० टक्के, यंत्राचा १५, म्हणून भांडण. सुप्रीम कोर्टाने १९७१ मध्ये एका हॉटेलच्या केसमध्ये सांगितलं की हॉटेलातली संडास-बाथरूमची फिटिंग आणि पाइपलाइनसुद्धा 'प्लँट' आहे. केसचं नाव ताजमहाल हॉटेल, पण आपलं अपोलो बंदरचं नव्हे, सिकंदराबादचं. त्याच्याही आधी, १८८७ मध्ये, इंग्लंडच्या कोर्टाने एका लाथाळ घोड्याला धंद्याचा 'प्लँट' ठरवलं होतं, आणि तीच व्याख्या आपल्याकडचे वकील आजही सांगतात. मात्र २००० मध्ये सुप्रीम कोर्टाने थिएटर आणि हॉटेलची इमारत ही इमारतच, प्लँट नाही, असा निकाल दिला.

म्हणजे काय झालं बघा. उकाडा कमी करायचे दोन रस्ते. एक, इमारतच अशी बांधायची की ऊन आत येणार नाही. रुंद गॅलरी, झडप, जाड भिंत, गच्चीवर उष्णतारोधक थर. हे सगळं इमारतीत गेलं, दर १० टक्के. दुसरा, काचेचा डबा बांधायचा आणि यंत्र लावून थंड करायचा. यंत्राला १५ टक्के. गिरगावातल्या जुन्या चाळीची ती लांब गॅलरी आठवा. भर दुपारी आतल्या खोलीत बसवतं तरी, कारण ऊन गॅलरीतच अडतं आणि वारा समोरासमोरच्या दारांतून जातो. ती गॅलरी बांधणाऱ्याला आपला कायदा एसी लावणाऱ्यापेक्षा कमी मोजतो.

आणि एसी उष्णता मारत नाही, बाहेर टाकतो. दीड टनाचा एसी पूर्ण चालतो तेव्हा खोलीतली सव्वापाच किलोवॅट उष्णता आणि स्वतः खाल्लेली दीड किलोवॅट, दोन्ही मिळून आउटडोअरमधून गल्लीत सोडतो. घरातले तीन गिझर एकदम रस्त्यावर चालू ठेवल्यासारखं. लालबागच्या एखाद्या चाळीत तळमजल्याच्या गाळ्यांचे आउटडोअर पॅसेजमध्ये लावलेले असतात. वरच्या मजल्यावर राहणारी आजी ती हवा खाते. समोर टोपलीत भाजी घेऊन बसलेली मावशी ती हवा खाते. या दोघींच्या नावावर कुठलाही घसारा नाही. म्हणून कमी वीज खाणारा एसी ही फक्त मालकाच्या बिलाची गोष्ट राहत नाही. गल्लीत जाणारी उष्णताही त्याने कमी होते.

आता छोट्यांचं.

लालबागमध्ये माझे दुसरे एक क्लायंट आहेत. बारा बाय पंधराचा गाळा, मसाला आणि किरकोळ किराणा. त्यांनीही एसी लावला, कारण मे महिन्यात दुपारी दुकानात उभं राहवत नाही. त्यांनीही विचारलं, किती सुटतील. उत्तर: शून्य.

कारण ते कलम ४४एडीमध्ये रिटर्न भरतात. उलाढाल २ कोटींच्या आत (रोख जमा ५ टक्क्यांच्या वर नसेल तर ३ कोटी) असेल तर पूर्ण वह्या न ठेवता उलाढालीच्या ८ टक्के, डिजिटल जमेवर ६ टक्के, एवढा नफा दाखवायचा. सोपं आहे, छोट्या माणसाला सीएची फी आणि कटकट वाचते, मी स्वतः अनेकांना हाच रस्ता सुचवतो. पण यात घसारा 'आधीच मिळाला' असं धरतात. वेगळा एक रुपया नाही. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट ४४एडीएमध्ये निम्मी जमा नफा दाखवतात, त्यांनाही तेच.

आणि समजा वेगळा घसारा दिला, तरी काय? ८० लाखांची उलाढाल, सगळी डिजिटल धरली तर नफा ४ लाख ८० हजार. या वर्षीपासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत टॅक्सच नाही. ज्याला टॅक्स नाही त्याला घसारा देऊन वाचणार काय? घसाऱ्याची सवलत जो टॅक्स भरतो त्यालाच पोचते, आणि जेवढा मोठा टॅक्स तेवढी जास्त पोचते. म्हणून 'दर वाढवा म्हणजे छोट्या व्यापाऱ्याला फायदा' असं कोणी भाषणात म्हटलं तर टाळ्या वाजवू नका. लोअर परळसाठी एक औषध लागेल, लालबागसाठी दुसरं.

अजून एक खोच. मेलेला एसी वहीत मरत नाही. १९८८ पासून आपल्याकडे एका दराच्या सगळ्या वस्तूंचा एकच गट धरतात. दादरच्या काकांचा जुना एसी २०१८ मध्ये ४०,००० ला घेतलेला. समुद्राच्या खाऱ्या हवेने कॉइल खाल्ली, दोनदा गॅस भरला, शेवटी भंगारवाल्याने ३,००० दिले. वहीत त्याची किंमत अजून १२,८०० होती. ३,००० वजा केले, उरलेले ९,८०० गटात तसेच, दरवर्षी १५ टक्क्यांनी झिजत राहणार. नियम लिहिणाऱ्यांनी वरळी-गिरगावची हवा बघितलेली नाही. इथे आउटडोअर सात-आठ वर्षं टिकलं तर नशीब.

बाहेरच्या देशांत काय? अमेरिकेत ऑफिसच्या इमारतीचं हीटिंग-कूलिंग इमारतीचाच भाग मानून ३९ वर्षांत थोडं थोडं खर्चात टाकायला लागायचं. २०१८ पासून छोट्या-मध्यम धंद्यांना ते ठरावीक मर्यादेपर्यंत त्याच वर्षी पूर्ण खर्चात टाकायची मुभा मिळाली. पण तिथेही यंत्र किती वीज खातं हे त्यासाठी विचारत नाहीत. ब्रिटनने वेगळं केलं होतं. वीज वाचवणाऱ्या यंत्रांची सरकारी यादी, यादीतलं यंत्र घेतलं तर पहिल्याच वर्षी शंभर टक्के वजा. २०२० च्या एप्रिलमध्ये त्यांनी ते बंद केलं, पण कल्पना आपल्या कामाची आहे. यादी बनवायचीही गरज नाही, आपल्याकडे बीईईचे स्टार आधीच आहेत. एसीवर आहेत, २०२३ पासून छताच्या पंख्यावरही सक्तीचे आहेत. टॅक्स खात्याने फक्त ते वाचायचेत.

हे आत्ताच का लिहितोय? कारण नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होतोय. घसाऱ्याचे दर नियमांच्या परिशिष्टात असतात, आणि नव्या कायद्यासोबत नियमही नव्याने येणार. जुनी यादी जशीच्या तशी उचलून नव्या पुस्तकात चिकटवली की पुढची वीस वर्षं पंखा खुर्चीच्याच रांगेत बसणार. आत्ता बोललो तर ऐकलं जाण्याची थोडी तरी शक्यता आहे.

माझ्या मागण्या चार:

१. पंख्याला निदान एसीइतका दर द्या. फाइव्ह स्टार पंख्याला त्याहून जास्त.

२. एसी आणि चिलरचा दर ते किती वीज खातात त्याला बांधा. जास्त वीज खाणाऱ्याला आहे तोच १५, सर्वांत कमी खाणाऱ्याला सोलरसारखा ४०. तिजोरीचं कायमचं नुकसान नाही, टॅक्स फक्त पुढे ढकलला जातो. इमारतीला लावलेल्या सावली आणि उष्णतारोधक कामालाही यात घ्या.

३. भंगारात गेलेल्या यंत्राची उरलेली किंमत त्याच वर्षी खर्चात घेऊ द्या, भंगाराची पावती असेल तर. पावतीची अट महत्त्वाची, नाहीतर गॅस हवेत सोडून सांगाडा विकणारेच जास्त.

४. आणि ४४एडीवाल्या छोट्या दुकानदाराला टॅक्सच्या नावाने गाजर दाखवू नका. त्याला थेट सवलत द्या, नाहीतर फाइव्ह स्टार एसी-पंख्याची जास्तीची किंमत वीजबिलातून बिनव्याजी हप्त्याने फेडू द्या. २०१५ मध्ये उजाला योजनेत एलईडी दिवे असेच घाऊक खरेदी करून स्वस्तात लोकांपर्यंत पोचवले होते. पैसे मात्र केंद्राने किंवा राज्याने घालावेत. बेस्टच्या खांद्यावर आधीच पुरेसं ओझं आहे.

गिरगाव, परळ, लालबाग दक्षिण मुंबई मतदारसंघात येतात, दादर दक्षिण मध्य मुंबईत. दोन्ही खासदारांना पत्र लिहितोय. व्यापारी संघांनीही लिहावं. दरवर्षी बजेटच्या आधी 'जीएसटी कमी करा' एवढंच निवेदन जातं, त्यात या चार ओळी घाला.

तोवर तुमच्यासाठी व्यवहाराच्या तीन गोष्टी. धंद्याचा एसी घ्यायचाच असेल आणि वही पूर्ण ठेवत असाल तर सप्टेंबरअखेर बसवून चालू करा, इन्स्टॉलेशनची तारीख असलेली पावती ठेवा. जीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल तर तेवढी रक्कम किमतीतून वजा करूनच घसारा काढा, दोन्ही मिळत नाही. आणि एसी घेण्याआधी छताचा पंखा चांगला घ्या. पंखा चालू असेल तर एसी २६ वर ठेवूनही भागतं.

दादरच्या काकांना हे सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, "ते ठीक आहे रे, पण पुढच्या वर्षी आठवण कर. दसऱ्याच्या आधी." करणार आहे. तुम्हीही तुमच्या सीएला विचारा, आणि तुमच्या गल्लीत आउटडोअर कुणाच्या दारासमोर लावलंय तेही एकदा बघून या. कमेंटमध्ये लिहा. पटलं तर व्यापारी ग्रुपवर पाठवा, नाही पटलं तर कुठे चुकलं ते सांगा.